उसळी थांबवणारे ग्लिसरीन

एस.टी.च्या अगदी मागच्या बाकावर बसून तुम्ही कधी प्रवास केला आहे का? केला असेल, तर खड्डा आल्यावर काय होते हे मी सांगायला नको. आधी आपण वर उडतो, मग दणकन खाली आदळतो आणि शेजारच्याची क्षमा मागतो. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? खड्डा मागे गेला की बस थोड्याच वेळात शांत होते. ती पुढच्या थांब्यापर्यंत झुलत राहत नाही. हे शांत होणे आपोआप घडत नाही. ते घडवून आणणारे एक लहानसे यंत्र चाकाजवळ बसवलेले असते. गॅरेजमध्ये त्याला 'शॉकअप' म्हणतात, पुस्तकी मराठीत 'धक्काशोषक'. हे यंत्र सुरुवातीच्या मोटारींत कसे आले, त्याची निगा कशी राखत असत आणि पुढे ते सोपे कसे होत गेले, ते आज आपण पाहू.

आधी स्प्रिंगविषयी दोन शब्द. उर्दूत आपण स्प्रिंगला 'कमानी' म्हणतो. मराठीतही 'कमान' हा शब्द आहेच. ट्रकच्या मागच्या चाकांपाशी वाकलो, तर पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतात. त्यांना गॅरेजमध्ये 'पाटे' म्हणतात आणि त्यांचा आकार खरोखरच कमानीसारखा असतो. चाक दगडावर चढले की पाटे वाकतात आणि धक्का स्वतःकडे घेतात. म्हणजे धक्का शोषते ती स्प्रिंग, धक्काशोषक नव्हे! मग धक्काशोषक काय करतो?

स्प्रिंगला एक खोड आहे. तिने घेतलेले ती परत देते. वाकलेला पाटा सरळ होतो, सरळ होताना गाडीला वर फेकतो, गाडी वजनाने पुन्हा खाली येते, पाटा पुन्हा वाकतो. असे सेकंदाला साधारण एक-दोन वेळा चालू राहते. झोक्याला एकदा धक्का दिला की तो कितीतरी वेळ झुलतो, तसेच हे. या झुलण्यातली ऊर्जा काढून घेणारे कोणीतरी हवे. ते काम धक्काशोषकाचे. तो ती ऊर्जा घेतो आणि तिची उष्णता करून हवेत सोडून देतो. खराब रस्त्यावरून गाडी बरेच अंतर धावून आली की तो हाताला गरम लागतो, तो याचमुळे. नाव जरा चुकीचेच पडले आहे, पण आता ते रुळले आहे. आपणही तेच वापरू.

उसळी थांबली नाही, तर फक्त कंबर दुखते असे समजू नका. गाडी उसळत असताना चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. कधी कधी ते क्षणभर रस्ता सोडून वरही उचलले जाते. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? आणि पुढचे चाक हवेत असेल, तर स्टिअरिंग फिरवून गाडी वळणार कशी? मोटारी हळू धावत होत्या तोवर हे फारसे जाणवत नव्हते. फोर्ड कंपनीची प्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत बनत होती. अशा दीड कोटी मोटारी बनल्या, पण कारखान्यातून निघताना त्यांना धक्काशोषक नसत. गाडीचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे फारसा जात नसे आणि पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासून थोडीफार उसळी मारून टाकत. ज्यांना एवढ्याने भागत नसे, ते बाजारातून वेगळे साधन आणून लावत.

अशा साधनांपैकी एक होते घर्षणाचे. फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या गृहस्थाने ते बनवले आणि अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने त्याचा कारखाना काढला. कात्रीसारख्या दोन दांड्या, त्यांच्या सांध्यात धातूच्या व चामड्याच्या चकत्या, आणि त्या सगळ्यांना आवळून धरणारा एक बोल्ट. चाक वर-खाली झाले की चकत्या एकमेकींवर घासत. कल्पना साधी होती, पण तिच्यात एक दोष होता. जड लोखंडी पेटी ढकलताना तुम्ही अनुभवले असेल: पेटी जागची हलवायला जोर जास्त लागतो, एकदा सरकू लागली की कमी. चकत्यांचेही तसेच. बारीक खडीवर त्या जागच्या हलतच नसत, म्हणून गाडी खडखडत जाई. आणि मोठ्या खड्ड्यात, जिथे खरा विरोध हवा, तिथे त्या सहज सरकत. हवे होते नेमके उलटे. लहान धक्क्याला मऊ आणि मोठ्या धक्क्याला कडक.

असा उलटा स्वभाव द्रवाचा असतो. औषधाच्या दुकानातून दहा मिलिलिटरची सुई नसलेली पिचकारी आणा, म्हणजे इंजेक्शनची सिरिंज. तिच्यात पाणी भरा आणि दट्ट्या हळू दाबा. पाणी मुकाट्याने बाहेर येते. आता जोरात दाबून पाहा. दट्ट्या अडतो, जणू आतून कोणी ढकलते आहे. भोक तेच, पाणी तेच. फरक फक्त वेगाचा. मग पाण्याऐवजी ग्लिसरीन भरून तोच प्रयोग करा. आता हळू दाबतानासुद्धा बोटाला जोर द्यावा लागेल. द्रवाच्या या दाटपणाला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात श्यानता म्हटले आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाला ग्लिसरीनची श्यानता पाण्याच्या हजारपटीहून जास्त असते.

अरुंद वाटेने ढकललेला द्रव जितका घाईने ढकलावा तितका अडून बसतो, हीच गोष्ट मोरीस हुदाय या फ्रेंच इंजिनिअरने मोटारीच्या कामी लावली. त्याच्या नावाचे धक्काशोषक पुढे अमेरिकेतही बनू लागले. १९२७ च्या डिसेंबरात फोर्डने 'मॉडेल टी'च्या जागी 'मॉडेल ए' ही नवी मोटार आणली, तेव्हा तिच्या चारही चाकांना हुदायचे धक्काशोषक कारखान्यातूनच बसवलेले होते. नव्या गाडीच्या इंजिनाची ताकद जुन्याच्या दुप्पट होती आणि ती ताशी शंभर किलोमीटरपर्यंत धावू शकत होती. आता पाट्यांच्या घासण्यावर भागणार नव्हते. चैनीच्या मोटारींत दिसणारी वस्तू फोर्डने सामान्य माणसाच्या स्वस्त मोटारीत घातली. १९३१ पर्यंत अशा सुमारे ४८ लाख मोटारी बनल्या. म्हणून निगा राखण्याची गोष्ट आपण या एकाच गाडीच्या आधाराने समजून घेऊ.

हा धक्काशोषक दिसायला एखाद्या जाड, गोल डबीसारखा. डबी गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी पक्की बसवलेली असते. डबीच्या मध्यातून एक आस जाते. आसाला आतल्या बाजूने दोन पाती असतात, पंख्याला असतात तशी, आणि बाहेरच्या बाजूने एक हात असतो. या हाताचे टोक एका दांडीने चाकाच्या बाजूशी जोडलेले असते. डबीत ग्लिसरीन भरलेले असते आणि मधल्या पक्क्या भिंतींमुळे तिचे कप्पे पडलेले असतात. चाक वर गेले की दांडी हाताला वर ढकलते, हात आसाला फिरवतो, आस पात्यांना फिरवते आणि पाती ग्लिसरीनला एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात रेटतात. जायला वाट मात्र एकच, आणि तीही अगदी बारीक. त्या वाटेच्या तोंडाशी सुईसारखा टोकदार पेच असतो. पेच आत फिरवला की वाट आणखी अरुंद होते आणि गाडी कडक होते. बाहेर फिरवला की मऊ होते.

असेच काहीसे तुम्ही रोज पाहता. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या दाराला वर एक लांबट पेटी असते. दार सोडले की ते धाडकन आपटत नाही, सावकाश बंद होते. त्या पेटीत स्प्रिंग असते, तेल असते आणि बारीक वाट असते. बाजूला एक पेचही असतो. तो कोणी नको तसा फिरवला, की दार एक तर आपटते किंवा अर्धवट उघडेच राहते.

डबीच्या मागच्या बाजूला ग्लिसरीनचा छोटा साठा ठेवलेला असे. आसाच्या कडेने थोडे ग्लिसरीन झिरपले की साठ्यातून तेवढे पुन्हा आत यायचे. येण्याच्या वाटेवर छोट्या गोळीची झडप असे. गोळी ग्लिसरीनला आत येऊ देई, पण दाब वाढला की वाट बंद करी, म्हणजे आतले ग्लिसरीन साठ्यात पळून जात नसे. ही गोळी आणि तिची बैठक यांच्यामध्ये वाळूचा एक कण अडकला, तरी झडप नीट बंद होत नाही. म्हणून भरण्याचे बूच उघडण्यापूर्वी आजूबाजूची धूळ नीट पुसणे हे निगा राखण्यातले पहिले काम. ते सगळ्यात सोपे आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त विसरले जाणारेही तेच आहे.

ग्लिसरीनच का? फोर्डच्या सूचना-पुस्तकात ग्लिसरीनच भरावे, तेल भरू नये, असे सांगितलेले होते, कारण थंडीत तेल घट्ट होऊन बसते. ग्लिसरीन औषधाच्या दुकानातही सहज मिळत असे. पण त्याचेही दोन दोष आहेत. एक म्हणजे तापमान वाढले की ते झपाट्याने पातळ होते. २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्याची श्यानता निम्म्याहून कमी होते. त्यामुळे हिवाळ्यात पेच थोडा सैल आणि उन्हाळ्यात थोडा आवळून ठेवावा लागे. दुसरा दोष असा, की ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेते. उघड्या बाटलीत ठेवलेले ग्लिसरीन हळूहळू पाणीदार होते. धक्काशोषकातही तेच होई. आणि जिथे पाणी आले तिथे गंज आलाच.

या गंजाची एक गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे अशी एक जुनी फोर्ड दुरुस्तीला आली होती. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. मी मोठ्या उत्साहाने गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून पाहिला. गाडी तसूभरही हलली नाही. "वा उस्ताद! शॉकअप अजून मजबूत आहेत," मी म्हणालो. उस्ताद हसला. "मास्तर, मजबूत नाही, जाम झालेत. आत गंज चढलाय. हातच फिरत नाही, तर कमानी वाकणार कशी?"

त्या दिवशी मी खरी परीक्षा शिकलो. कोपरा दाबला की गाडी खाली गेली पाहिजे. सोडला की वर येऊन तिथेच थांबली पाहिजे. दोन-तीनदा डुलली, तर धक्काशोषक रिकामा किंवा झिजलेला. हललीच नाही, तर जाम. जाम झालेला धक्काशोषक रिकाम्याहून वाईट, कारण तो स्प्रिंगला तिचे काम करू देत नाही. प्रत्येक धक्का सरळ सांगाड्याला जातो आणि शेवटी जोडणारी दांडी तरी तुटते, नाही तर डबी बसवलेले बोल्ट तरी सैल होतात.

मग उस्तादाने दांडी सोडवली आणि दुसऱ्या बाजूच्या धक्काशोषकाचा मोकळा हात माझ्या हाती दिला. "हळू फिरवा," तो म्हणाला. हात सावकाश, एकसारख्या जोराने फिरायला हवा होता. पण तो आधी थोडा रिकामाच फिरला आणि मग अडला. याचा अर्थ आत हवा शिरली होती. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून हवेचा बुडबुडा असेल, तर पाती आधी बुडबुडा दाबतात आणि मग ग्लिसरीन रेटू लागतात. उस्तादाने बूच काढले, ग्लिसरीन ओतले, हात कितीतरी वेळा वर-खाली केला, पुन्हा ओतले, पुन्हा हात हलवला. घाई केली नाही. दाट द्रवातून बुडबुडे वर यायला वेळ लागतो. शेवटी साठा काठोकाठ न भरता थोडी जागा सोडली, कारण गरम झाल्यावर ग्लिसरीन फुगते.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. दांडीच्या दोन्ही टोकांना गोळ्याचे सांधे असतात. त्यांत ग्रीस भरावे लागते. ग्रीस नसले की सांधे झिजतात आणि ढिले होतात. सांध्यात अगदी थोडी ढिलाई असली, तरी लहान खड्ड्यांत दांडी नुसती खुळखुळते आणि हात जागचा हलत नाही. बिचारा धक्काशोषक आतून ठणठणीत असतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

निगा राखूनही एक आजार मात्र बरा होत नसे. पाती आणि डबीची भिंत यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवलेली असते. वर्षानुवर्षे घासून ती रुंदावते. अशा फटीतून किती द्रव पळेल, ते फटीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते. म्हणजे फट दुप्पट झाली, तर गळती दुप्पट होत नाही. २ × २ × २, म्हणजे आठपट होते. मग पेच कितीही आवळा, ग्लिसरीन पेचाच्या वाटेने जातच नाही. त्याला मागच्या दाराने जाता येते. दुरुस्तीसाठी डबीचे झाकण उघडावे, तर ते कारखान्यात इतके घट्ट बसवलेले असे, की साध्या गॅरेजमधल्या पान्याने ते हलत नसे. अनेक मालक धक्काशोषक काढून फेकून देत आणि उसळत प्रवास करीत.

इथेच हे यंत्र सोपे करण्याची गरज निर्माण झाली. चपटे पाते चौकोनी कप्प्यात घट्ट बसवणे कठीण असते. वरची कड, खालची कड, दोन्ही कोपरे, सगळीकडून द्रव निसटू पाहतो. याउलट गोल दट्ट्या गोल नळीत बसवणे कारखान्याला फार सोपे. म्हणून आधी पात्यांच्या जागी दट्टे आले. बाहेर हात तसाच राहिला, पण आत तो दट्ट्याला ढकलू लागला. या जातीचे धक्काशोषक इंग्लंडच्या मोटारींत फार वर्षे टिकले. तिथली 'मॉरिस मायनर' १९४८ पासून १९७१ पर्यंत ते वापरत होती. मग कोणाच्या तरी मनात आले असणार, की दट्ट्याच आहे तर हात कशाला? दांडी कशाला? सांधे कशाला? दट्ट्याचे एक टोक सरळ चाकाच्या बाजूला आणि नळी सरळ सांगाड्याला जोडली, की झाले. दुर्बिणीच्या नळीसारखा आत-बाहेर सरकणारा हा धक्काशोषक १९३० नंतरच्या काळात पसरत गेला आणि आज जवळजवळ सगळ्या मोटारींत तोच आहे.

त्यात आणखी एक फायदा झाला. हाताच्या धक्काशोषकात दट्ट्या जेमतेम थोडासा सरकतो, त्यामुळे थोड्या द्रवावर फार मोठा दाब येतो. लांब नळीत दट्ट्या चाकाइतकाच वर-खाली होतो, द्रव जास्त असतो आणि दाब कमी. दाब कमी म्हणजे गळतीही कमी. आता ग्लिसरीनच्या जागी खास तेल आले. नळी कारखान्यातच कायमची बंद केली गेली. बूच नाही, पेच नाही, ग्रीस नाही. मालकाच्या डोक्याचा ताप गेला.

पण दुरुस्तीही गेली. बंद नळीवर तेलाचा ओघळ दिसला, की ती बदलायची, आणि तीही जोडीने. कारण एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला थकलेली असली, तर गाडी एकीकडे डुलते. जुन्या मोटारींचे शौकीन आजही यावर वाद घालतात. काही जण जुन्या फोर्डला नव्या नळ्या बसवतात, काही जण जुन्या डब्याच नीट करून घेतात. रोज रस्त्यावर न्यायची गाडी असेल, तर मला नळ्यांचे म्हणणे पटते. जीव गाडीच्या अस्सलपणापेक्षा मोठा आहे. उस्तादाला मात्र ते पटत नाही. "भरता येते, ती चीज फेकायची कशाला?" तो म्हणतो.

आणि त्याचे म्हणणे अगदीच जुनाट नाही, कारण भरता येणारा धक्काशोषक अजून आपल्या गल्लीत फिरतो आहे. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोन नळ्या असतात, त्यांना फोर्क म्हणतात. त्यांच्या आत स्प्रिंग असते आणि तेल असते, आणि ते तेल ठरावीक काळाने बदलावे लागते. घरी कोणाची मोटारसायकल असेल, तर तिच्या फोर्कच्या चकचकीत दांड्या जवळून पाहा. दांडीवर तेलाची ओली कड दिसली, तर आतले रबराचे ऑइल सील फाटले आहे असे समजा आणि घरच्यांना सांगा, कारण तेच तेल खाली ओघळून ब्रेकपर्यंत जाऊ शकते. फोर्कचे तेल बदलत असताना गॅरेजमध्ये थांबायला मिळाले, तर जरूर थांबा. नवे तेल स्वच्छ असते. जुने काळपट आणि पाण्यासारखे पातळ होऊन बाहेर येते.